‘अवघाचि संसार’ नेमका कोणाच्या मालकीचा?

दिवाळीच्या सुट्टीत सगळे घरी जमलो होतो. दुपारची जेवणं उरकली, आई टीव्हीसमोर बसली आणि भाचीला म्हणाली, “‘तू तिथे मी’ लाव गं जरा.” भाचीने रिमोट तोंडाशी धरून नाव सांगितलं आणि पडद्यावर चिन्मय मांडलेकर आणि मृणाल दुसानिसची मालिका आली. “ही नव्हे गं. तो म्हातारा-म्हातारीचा.” मग शोधाशोध. मोहन जोशी आणि सुहास जोशींचा १९९८ चा सिनेमा सापडेपर्यंत सगळ्यांचा चहा निवला. भाची कॉलेजात एकांकिका करते, त्यामुळे नावांच्या बाबतीत तिचे कान तिखट. तिने विचारलंच, “एकाच नावाचे दोन कसे काय? पहिल्यावाल्यांनी केस नाही टाकली?”

हा प्रश्न तिला एकटीलाच पडतो असं नाही. नव्या सिनेमाचं पोस्टर आलं रे आलं की त्याखाली पाचपन्नास जण लिहून मोकळे होतात: नाव ढापलंय, आता कोर्टात भेटा. निर्मातेही अधूनमधून खरोखर कोर्टात जातात आणि बहुतेक वेळा हात हलवत परत येतात. असं का होतं, आणि कधी होत नाही, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

नाव नवं, ओळ जुनी

आधी एकच शब्दजोडी धरू. ‘अवघाचि संसार’. २००६ साली झी मराठीवर याच नावाची मालिका सुरू झाली, अमृता सुभाष आणि प्रसाद ओकची. माझ्या पिढीला हे नाव म्हटलं की तीच आठवते. आईला मात्र अनंत माने यांचा १९६० चा सिनेमा आठवतो, कारण ‘जे वेड मजला लागले’ हे गाणं त्यातलं. आणि माझी आजी असती तर तिने दोन्ही बाजूला सारून म्हटलं असतं:

“अवघाचि संसार सुखाचा करीन । आनंदें भरीन तिन्ही लोक ॥
जाईन गे माये तया पंढरपुरा । भेटेन माहेरा आपुलिया ॥”

ज्ञानेश्वरांचा अभंग. सातशे वर्षं वारीत, भजनात, जात्यावर घासून घासून गुळगुळीत झालेली ओळ. गंमत अशी की अभंगातला संसार सुखाचा होतो तो पंढरीच्या वाटेवर, आणि मालिकेतल्या बाईचा संसार म्हणजे वर्षानुवर्षं सोसणं. नाव ठेवणाऱ्याला हा विरोधाभास हवाच होता. ‘सुखाचा करीन’ हे पुढचे शब्द त्याने लिहिले नाहीत, ते प्रेक्षकांच्या तोंडात आधीच होते.

‘तू तिथे मी’चंही तसंच. संजय सूरकरांच्या सिनेमात हे तीन शब्द एका वयस्कर जोडप्याच्या ताटातुटीतली माया आहेत. २०१२ च्या मालिकेत नवरा संशयी आहे. तिथे तेच तीन शब्द पाळतीसारखे ऐकू येतात. एक अक्षर बदललं नाही आणि अर्थ पार फिरला.

असं करणं मराठीला नवं नाही. मो. ग. रांगणेकरांचं ‘कुलवधू’ हे नाटक १९४२ चं, ज्योत्स्ना भोळ्यांनी गाजवलेलं. ‘कुलवधू’ ही मालिका २००८ ची. शांतारामबापूंच्या तर दोन सिनेमांची नावं मालिकांनी घेतली, ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘पिंजरा’ (१९७२). बालकवींची ‘फुलराणी’ आपण शाळेत म्हटली, पु. लं.नी १९७५ साली ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणली, पुढे त्याच नावाची मालिका आली आणि २०२३ मध्ये ‘फुलराणी’ सिनेमा. गाण्यांच्या ओळींचा तर मालिकावाल्यांनी पाऊसच पाडलाय. ‘का रे दुरावा’ ही २०१४ ची मालिका, ओळ १९७० च्या ‘मुंबईचा जावई’मधल्या गदिमांच्या गाण्यातली. हिंदीत ‘आँखें’ नावाचे सिनेमे १९५०, १९६८, १९९३ आणि २००२ असे चार वेळा येऊन गेले, आणि त्यांच्या कथांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

का करतात असं? ओळखीच्या ओळीची जाहिरात आधीच झालेली असते. होर्डिंगवर नाव वाचताच मनातल्या मनात चाल लागली, तर अर्धं काम फुकटात झालं.

कॉपीराइट नावाला का लागत नाही?

कॉपीराइट म्हणजे लेखकाने, संगीतकाराने किंवा निर्मात्याने जे रचलं त्याची नक्कल करण्याचा, ते छापण्या-दाखवण्याचा हक्क. आपल्याकडे तो १९५७ च्या कायद्याने मिळतो. लिखाणावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, सिनेमावरचा प्रदर्शनानंतर साठ वर्षं.

या वाक्यातला ‘रचलं’ हा शब्द महत्त्वाचा. कायद्याला काहीतरी बांधलेलं दिसावं लागतं. घराच्या आराखड्यावर हक्क सांगता येतो, विटेवर नाही. कथा, पटकथा, गाणं ही घरं झाली. ‘कळत नकळत’ ही वीट आहे. ती वीट १९८९ च्या सिनेमाच्या भिंतीत बसली, पुढे एका मालिकेच्याही भिंतीत बसली, आणि तुम्ही-आम्ही रोजच्या बोलण्यात दहा वेळा ती वापरतो. कोणा एकाला ती दिली तर बाकीच्यांनी बोलायचं कसं?

सर्वोच्च न्यायालयापुढे हा मुद्दा २०१५ साली आला. एका लेखकाने २००८ मध्ये ‘देसी बॉईज’ नावाने कथेचा गोषवारा लिहून लेखकांच्या संघटनेत नोंदवला होता. २०११ मध्ये अक्षय कुमार आणि जॉन अब्राहमचा त्याच नावाचा सिनेमा आला, स्पेलिंगच्या शेवटी ‘एस’ऐवजी ‘झेड’ लावून. लेखकाने थेट फौजदारी तक्रार केली. गमतीचा भाग म्हणजे त्याचा आक्षेप मुख्यतः नावावर होता. सिनेमाची कथा आपल्या गोषवाऱ्यावरून घेतली असा त्याचा दावाच नव्हता. न्यायालयाने तक्रार रद्द केली. ‘देसी’ आणि ‘बॉईज’ हे दोन्ही चालू बोलण्यातले शब्द, ते शेजारी ठेवले म्हणून त्यात लेखन झालं असं होत नाही, आणि नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट मिळत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

म्हणजे भाचीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: केस टाकली असती तरी कॉपीराइटच्या जोरावर ती टिकली नसती. शेजारच्या घरातल्या मुलाचं नाव आपल्या आजोबांसारखं विनायक असलं म्हणून तो आपल्या सातबाऱ्यावर चढत नाही, आणि त्याने नाव चोरलं असंही कोणी म्हणत नाही.

मग उद्या मी ‘शोले’ काढू?

काढून बघा.

इथे दुसरा कायदा दारात उभा राहतो, ट्रेडमार्कचा. ट्रेडमार्क म्हणजे माल कोणाचा आहे हे गिऱ्हाइकाला सांगणारी खूण. साबणाच्या वेष्टनावरचं नाव जसं, तसंच. १९९९ च्या कायद्याखाली ही खूण नोंदवता येते, दर दहा वर्षांनी नोंद वाढवत कितीही काळ राखता येते. नोंद नसली तरी एक उपाय उरतोच: दुसऱ्याच्या नावलौकिकावर कोणी आपला माल खपवत असेल तर त्याला थांबवता येतं. वकील त्याला ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. आपण ‘नावावर पोट भरणं’ म्हणू, चालेल.

हा कायदा विचारतो एकच गोष्ट: हे नाव ऐकून प्रेक्षक फसेल का? आधीच्या सिनेमाचाच हा भाग आहे असं समजून तिकीट काढेल का?

‘शिवाजी चौक’ महाराष्ट्रात गावोगाव आहे. कोल्हापूरकराला कोणी “चौकात भेट” म्हटलं तर तो साताऱ्याला जाऊन उभा राहत नाही. नाव एकच, गोंधळ शून्य, म्हणून तक्रारही नाही. आता ‘लालबागचा राजा’ घ्या. ‘लालबाग’ हे वस्तीचं नाव, ‘राजा’ हा साधा शब्द. पण १९३४ पासून बसणाऱ्या त्या गणपतीमुळे हे दोन शब्द एकत्र उच्चारले की देशातल्या कोणाच्याही डोळ्यापुढे एकच मूर्ती येते. त्यानंतर गल्लोगल्ली ‘अमुकचा राजा’ झाले, ते चालतं. पण उद्या लालबागमध्येच दुसरं मंडळ तेच नाव लावून दानपेटी ठेवू लागलं तर भाविक फसतील. साध्या शब्दांना असा एकच एक अर्थ चिकटणं, याला कायद्यात ‘दुय्यम अर्थ’ म्हणतात. शब्द मुळात सगळ्यांचा असतो. लोकांनी तो एकाच वस्तूला बांधून टाकलेला असतो.

‘शोले’ म्हणजे शब्दशः ज्वाळा. शब्दकोशातला शब्द. पण १९७५ नंतर तो शब्दकोशात राहिला नाही. ‘राम गोपाल वर्मा की आग’ आला २००७ मध्ये. त्याने तर शीर्षकातून ‘शोले’ काढूनही टाकलं होतं, गब्बरचा बब्बन केला होता. तरी मूळ सिनेमाच्या हक्कदारांनी पाठ सोडली नाही आणि २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दहा लाखांची भरपाई बसवली. तिथे प्रश्न नुसत्या नावाचा नव्हता, पात्रं आणि सगळी ओळखच उचलण्याचा होता. २०२२ मध्ये तर त्याच न्यायालयाने ‘शोले’ नावाची वेबसाइट चालवणाऱ्यांना पंचवीस लाख भरायला सांगितले. काही सिनेमांची नावं साध्या शब्दाची हद्द ओलांडून जातात, असं न्यायालयाचं म्हणणं. ‘शोले’ला हे लागू होतं याबद्दल कोणाचं दुमत असेल असं वाटत नाही.

लोक फसले हे ठरवायचं कोणी?

इथे न्यायालयं प्रेक्षकाला अगदीच बावळट धरत नाहीत. २००८ साली ‘हरी पुत्तर’ नावाचा हिंदी सिनेमा आला. पंजाबी पोराचं नाव हरी, आणि ‘पुत्तर’ म्हणजे मुलगा. हॅरी पॉटरवाल्या वॉर्नर ब्रदर्सने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने सिनेमा थांबवला नाही. एक तर कंपनी उशिरा जागी झाली होती; दुसरं म्हणजे जो पॉटरची पुस्तकं वाचतो, सिनेमे बघतो, त्याला हा फरक कळतो असं न्यायालयाला वाटलं. मला हा निकाल फार आवडतो. मराठी कानाला तर हे दोन शब्द तसेही मैलभर लांब आहेत.

उलट बाजूचं उदाहरण ‘निःशब्द’. २००७ मध्ये अमिताभ बच्चनचा हा सिनेमा येत होता तेव्हा त्याच नावाचा बंगाली सिनेमा आधीच झाला होता, महोत्सवांत दाखवलाही गेला होता. बंगाली सिनेमाचे निर्माते कोर्टात गेले. पण त्यांचा सिनेमा व्यावसायिकरीत्या चित्रपटगृहांत लागला नव्हता. ‘निःशब्द’ म्हटल्यावर सर्वसामान्य प्रेक्षकाला आमचाच सिनेमा आठवतो, हे त्यांना दाखवता आलं नाही. मनाई मिळाली नाही.

हे वाचून थोडं टोचतं, आणि टोचायला हवं. नाव आधी कोणी ठेवलं याला यात फारसं वजन नाही. ते लोकांपर्यंत कोणी नेलं याला आहे. ज्याच्याकडे जाहिरातीचा पैसा आहे त्याचं नाव लोकांच्या तोंडी लवकर बसतं, छोट्या निर्मात्याचं बसत नाही. कायद्याची बाजू अशी की तो इथे नाव सुचलेल्या माणसाचं कौतुक करायला बसलेला नाही, तिकीट काढणाऱ्याची फसवणूक थांबवायला बसलाय. दोन कामं वेगळी आहेत. पण पहिलं काम कोणीच करत नाही, हेही खरं.

आणि एकच माणूस पुन्हा पुन्हा तेच नाव वापरत असेल तर?

तर चित्र बदलतं. प्रशांत दामले आणि कविता मेढेकरांचं ‘एका लग्नाची गोष्ट’ हे नाटक तुफान चाललं. मग मालिका आली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’, तीत जोडी मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशीची. पाठोपाठ ‘तिसरी गोष्ट’ ही मालिका. आणि २०१८ मध्ये दामले-मेढेकर पुन्हा रंगभूमीवर, ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ घेऊन. ‘मुंबई पुणे मुंबई’चे तीन भाग तर सगळ्यांना माहीत आहेत.

सुट्या सिनेमाच्या नावापेक्षा अशा साखळीच्या नावाला संरक्षण मिळणं सोपं जातं. कारण साधं आहे. एकदा आलेलं नाव ही एका वस्तूची पाटी. तीनदा आलेलं नाव ही दुकानाची पाटी. ‘एका लग्नाची चौथी गोष्ट’ असं पोस्टर उद्या दिसलं तर तुम्ही आधीच्या गोष्टी आठवूनच तिकीट काढाल. कोणी तिऱ्हाइताने ते लावलं तर तुमची फसगत झाली, हे दाखवायला फार कष्ट नकोत.

“पण नाव तर रजिस्टर करतात ना?”

करतात, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे.

लाल एसटी आठवा. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, कधी पोराचं दप्तर सीटवर येऊन पडतं. आत चढल्यावर बाकीचे प्रवासी तो रुमाल मानतात. का मानतात? उद्या त्यांनाही रुमाल टाकायचा असतो म्हणून. एसटी महामंडळाच्या कुठल्या नियमात रुमालाला आरक्षण म्हटलेलं नाही.

निर्मात्यांच्या संघटनांकडची नावनोंदणी हा असा रुमाल आहे. हिंदीवाल्यांच्या मुंबईत अशा दोन-तीन संघटना आहेत, ‘इम्पा’ त्यातली जुनी. मराठीसाठी कोल्हापूरचं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे. सभासद तिथे नाव नोंदवतो, त्यासाठी पैसे भरतो, आणि दुसऱ्या सभासदाने तेच नाव मागितलं तर संघटना त्याला नाही म्हणते. यंत्रणा उपयोगाची आहे. रोजची भांडणं तिथल्या तिथे मिटतात. काही जण मात्र दहा-दहा नावं नोंदवून ठेवतात, सिनेमा एकही काढत नाहीत, आणि कोणाला नाव हवं झालं की किंमत सांगतात. सीटवर रुमाल टाकून स्वतः फलाटावर भजी खात बसणारे.

भांडण कोर्टात गेलं की रुमालाची किंमत कळते. १९९३ चा ‘लुटेरे’ आठवतोय, सनी देओल आणि जूही चावलाचा? २०२४ मध्ये हॉटस्टारवर त्याच नावाची वेबमालिका आली. जुन्या सिनेमाच्या निर्मात्याने मुंबई उच्च न्यायालयात तिला हरकत घेतली, संघटनेकडची नोंद दाखवली. न्यायालयाने मनाई नाकारली. संघटनेकडची नोंद ही संघटना आणि तिच्या सभासदांमधली आपापसातली व्यवस्था. त्यातून कायद्याचा हक्क तयार होत नाही आणि बाहेरच्याला ती बांधत नाही. दुसऱ्या गाडीतल्या प्रवाशाला तुमच्या रुमालाचं काय?

त्यामुळे “आम्ही टायटल रजिस्टर केलंय” असं कोणी ठणकावून सांगितलं तर आधी विचारावं: कुठे? संघटनेत की ट्रेडमार्कच्या दप्तरात? दोन्हींना लोक ‘रजिस्टर’च म्हणतात, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गाण्याची ओळ उचलली तर गीतकाराचं काय?

गाणं ही रचना आहे, तिच्यावर कॉपीराइट आहे. गाणं वापरायचं तर परवानगी आणि पैसे दोन्ही लागतात. पण त्यातले तीन-चार शब्द पाटीवर लिहिणं म्हणजे गाणं वापरणं नव्हे.

‘कभी अलविदा ना कहना’ आठवा. किशोरकुमारने १९७६ च्या ‘चलते चलते’मध्ये म्हटलेलं गाणं. करण जोहरने २००६ मध्ये ते सिनेमाला नाव म्हणून घेतलं. दुसऱ्या एका निर्मात्याने याच नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केलेला होता, तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि त्याला मनाई मिळाली नाही. शब्द गाण्यामुळे घरोघरी पोचलेले, रोजच्या बोलण्यात मुरलेले. ते एकाच्या खिशात कसे घालायचे, ही अडचण होती. जाता जाता, ‘चलते चलते’ हे नावही २००३ मध्ये शाहरुखच्या सिनेमाने घेतलंच होतं.

‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ ही ओळसुद्धा १९७४ च्या ‘चोर मचाये शोर’मधल्या गाण्याची. नाव सुचवलं म्हणून किरण खेर यांचा सिनेमात श्रेयनामावलीत उल्लेख आहे. ओळ शोधून देणाऱ्याला श्रेय मिळालं, हे छान. पण आज या ओळीवर पहिला हक्क कोणाचा असं रस्त्यावरच्या माणसाला विचारलं तर तो १९९५ च्या सिनेमाचं नाव घेईल, १९७४ च्या गाण्याचं नाही. दुय्यम अर्थ म्हणतात तो हाच. ओळ गाण्यातून निघाली आणि दुसऱ्या घरी नांदायला गेली.

मला विचाराल तर मराठी मालिकांनी सुरुवातीच्या पाटीत एक ओळ तरी द्यावी: शीर्षक अमुक गीतातून, गीतकार अमुक. कायदा मागत नाही, खर्च शून्य आहे. ‘का रे दुरावा’ बघणाऱ्या किती पोरांना गदिमा माहीत झाले असते.

नाव घेतलं आणि गोष्टही घेतली, तर?

तर हे सगळं विसरा. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ कादंबरी आणि २०१३ चा सिनेमा, इथे नावाबरोबर अख्खी गोष्ट आली. अशा वेळी हक्क रीतसर घ्यावेच लागतात. शीर्षक मोकळं आहे म्हणजे कथा मोकळी आहे असं नव्हे, आणि ही गल्लत करणारे दरवर्षी चारदोन निघतातच.

शोधपट्टीने आणलेली नवी पंचाईत

पूर्वी दोन सारख्या नावांमध्ये वीस-तीस वर्षं जायची. जुना सिनेमा पेटीत बंद असायचा, नवा थिएटरात. गोंधळाला जागाच नव्हती. आता १९३७ चा ‘कुंकू’ आणि २००९ चं ‘कुंकू’ एकाच शोधपट्टीत शेजारी-शेजारी उभे असतात, आणि यंत्र वर कोणाला दाखवतं तर ज्याला जास्त लोक बघतात त्याला. आईला हवा असलेला सिनेमा सातव्या नंबरवर होता. आईला कोणी फसवलं नव्हतं, त्यामुळे कोर्टात सांगण्यासारखं यात काही नाही. पण जुनी कलाकृती नव्या नावाच्या सावलीत जाते हे नुकसान खरं आहे, आणि त्याला कायद्यात रकाना नाही. त्यातल्या त्यात उपाय एवढाच की नावापुढे साल किंवा नटाचं नाव जोडून शोधावं.

निर्मातेही आता यावर विचार करतात. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर वाढवतात, मागे आकडा लावतात, पुढे दिग्दर्शकाचं नाव जोडतात. सगळंच ज्योतिषाच्या सांगण्यावरून होतं असं नाही.

भाचीची एकांकिका

चहा पुन्हा झाला तेव्हा खरं कारण बाहेर आलं. तिच्या ग्रुपने स्पर्धेसाठी एकांकिका लिहिलीय, विषय तिच्याच पिढीचा, एका खोलीत राहणाऱ्या चार मुली आणि त्यांचा मांडलेला डाव. नाव ठरत नव्हतं. तिला ‘अवघाचि संसार’ हवं होतं आणि मालिकावाले नोटीस पाठवतील अशी धास्ती होती.

मी माझ्या परीने सांगितलं. ओळ सातशे वर्षांची आहे, ती कोणाची मिळकत नाही. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घेता येतो, तो फुकट आहे, तिथे नाव टाकून बघ. पोस्टरवर मालिकेसारखी अक्षरं, तसेच रंग वापरू नकोस, तिच्या शीर्षकगीताची चाल वाजवू नकोस. पुढेमागे यावर सिनेमा वगैरे निघायची वेळ आली तर मात्र वकिलाला गाठ. एवढं केलं तर कॉलेजच्या एकांकिकेला कोणी हात लावायला येईल असं मला वाटत नाही. मोठी अडचण वेगळीच आहे: परीक्षकांपैकी निम्मे मालिका डोक्यात ठेवूनच पडदा उघडायची वाट बघतील.

“मग ठेवू की नको?” भाची.

आई आतून कप विसळता विसळता म्हणाली, “ठेव की. पण आधी अभंग म्हणून दाखव. पूर्ण.”

दोन ओळींनंतर भाची अडली. मीही.